मागावे ते अवधान

ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांपाशी एक मागणे मागतात, आणि ते मागणे अवधानाचे आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० साली, नेवाशाला प्रवरेच्या काठी सांगितल्या गेलेल्या या ग्रंथाचे आठ अध्याय तोवर ऐकून झाले आहेत, समोर संतसज्जन बसले आहेत, त्यांत प्रत्यक्ष सद्गुरू निवृत्तिनाथ आहेत, कोणी कंटाळून उठून गेल्याचे चिन्ह नाही, आणि तरीही राजविद्येच्या उंबरठ्यावर वक्ता क्षणभर थांबतो, आईबापांशी लडिवाळपणे बोलणाऱ्या लेकराची भूमिका घेतो, आणि आपल्याला हवे आहे ते एवढेच की तुम्ही अवधान द्यावे, असे सांगून त्याच्या मोबदल्यात साऱ्या सुखाचे आश्वासन देतो. वाचकहो, मी या जागेशी अनेकदा थबकलो आहे. ज्याच्या वाणीला शारदेचे वरदान आहे, त्याने अवधान मागावे कशाला? त्याची वाणीच ते खेचून घेण्याइतकी समर्थ नव्हती काय?

समर्थ होती, यात शंका नाही. म्हणूनच त्या मागण्याला अर्थ आहे. खेचून घेता येईल अशी जी वस्तू असते ती अवधान नव्हे, असे ज्ञानदेवांना ठाऊक होते, आणि मला वाटते, अध्यात्मात काय किंवा अध्यापनात काय, या एका जाणिवेपाशी पोहोचायला माणसाचे आयुष्य खर्ची पडते. गाईला पान्हा फुटतो तो वासरू जवळ आले म्हणून, ओरबाडणाऱ्या हातापुढे ती तो चोरून धरते. अवधानाचीही तीच रीत आहे. ते देणाऱ्याच्या आत असते, त्याच्या मर्जीने वाहते, आणि मागणाऱ्याला ते मिळते ते त्याने आधी स्वतःचे काही देऊ केले असेल तर. ज्ञानदेव अवधान मागतात तेव्हा त्यांनी आधी श्रोत्यांकडे पाहिले आहे, त्यांची थोरवी ओळखली आहे, त्यांच्या कृपादृष्टीवरच आपले बोलणे पोसले जाते असे मानले आहे. मागण्यापूर्वीच त्यांनी आपले अवधान त्यांना दिलेले आहे.

हा सारा विचार माझ्या मनात वारंवार येतो त्याला कारण माझे काम आहे. अध्यापक महाविद्यालयात शिकवताना छात्राध्यापकांचे पाठ पाहण्यासाठी मला वेगवेगळ्या शाळांच्या शेवटच्या बाकावर बसावे लागते. छात्राध्यापक ही मोठी नाजूक अवस्था आहे, कारण त्या माणसाला फळ्यापुढे उभे राहून अवधान मागायचे असते आणि त्याच दिवशी दुपारी आमच्यापुढे बसून ते द्यायचेही असते. मागण्याची आणि देण्याची अशी दोन्ही टोके एकाच देहात, एकाच दिवशी, क्वचितच कुणाच्या वाट्याला येतात. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि शाळेतली आंतरवासिता लांबली, त्यानंतर तर ही अवस्था आणखी ठसठशीत झाली. या काळात प्रत्येकाने एक चिंतनवही ठेवायची असते. एका छात्राध्यापिकेची वही तिच्या अनुमतीने मी पुन्हा पुन्हा वाचली. त्यात मुख्यतः तीन विषय आहेत. हातातला मोबाइल आणि त्यावरची समाजमाध्यमे हा एक, मुलांकडून करून घेतलेला वर्गप्रकल्प हा दुसरा, आणि एक पायी प्रवास हा तिसरा. तिने ते निरनिराळ्या महिन्यांत, निरनिराळ्या मनःस्थितीत लिहिले. मला मात्र तिन्हींच्या तळाशी अवधानच दिसत राहिले.

सूक्ष्म अध्यापनापासून आरंभ करू, कारण ती स्वतः तिथूनच करते. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ही पद्धत घडली आणि पुढे आपल्याकडच्या अध्यापक शिक्षणात रुजली. पाच-सहा मिनिटांचा पाठ, मोजकेच विद्यार्थी, आणि एका वेळी एकच कौशल्य, असे तिचे स्वरूप. त्या कौशल्यांत ‘चेतक बदल’ नावाचे एक कौशल्य आहे. शिक्षकाने आवाजाची पट्टी बदलावी, जागा बदलावी, हातवारे करावे, मध्येच थांबावे, चित्र दाखवावे, फळ्याकडून मुलाकडे आणि मुलाकडून वस्तूकडे नजर न्यावी, म्हणजे वर्गाचे लक्ष टिकून राहते, असा त्याचा आशय. कौशल्य खरेच उपयोगी आहे. आमच्या वहीवालीने ते उत्तम आत्मसात केले होते आणि पहिल्या सराव पाठाला तिला त्याबद्दल चांगला शेरा मिळाला होता. त्याच रात्री तिने लिहिले आहे की पाठाचे टाचण बाजूला ठेवून ती अंथरुणावर मोबाइल पाहत पडली, आणि अंगठा वर सरकवताना तिला एकाएकी जाणवले की हा पडदादेखील तिच्यावर चेतक बदलाचाच प्रयोग करतो आहे, आणि तिच्यापेक्षा कितीतरी सफाईने.

हे निरीक्षण मला फार मोलाचे वाटते. कारण समाजमाध्यमांवर रागावणे सोपे आहे, आणि आमच्या पिढीने ते पुष्कळ केले आहे, परंतु त्यांचे काम कसे चालते हे आमच्याच शास्त्राच्या परिभाषेत एका विद्यार्थिनीने ओळखावे, यात शिकण्यासारखे काही आहे. पूर्वी पान संपत असे. शेवटची ओळ आली की वाचणारा आपोआप थांबे आणि पुढे जावे की उठावे हे स्वतः ठरवी. २००६ च्या सुमारास न संपणाऱ्या पानाची युक्ती निघाली आणि तो थांबा गेला. २००९ साली फेसबुकवर पसंतीचे बटण आले आणि पाहणाऱ्याला पाहिले जाण्याचीही ओढ लागली. २०२० च्या जुलैत रील्स भारतात आल्या, ज्या वर्षी शाळांची दारे बंद होती आणि मुलांचा वर्ग मोबाइलच्या पडद्यावर भरत होता. म्हणजे अभ्यास ज्या काचेतून घरी आला, त्याच काचेतून त्याच महिन्यांत हे सारे आले, आणि आज बी.एड.ला बसलेली कित्येक मुले तेव्हा शाळेच्या शेवटच्या इयत्तांत होती. त्यांना दोष कसला द्यायचा? चेतक इतक्या वेगाने बदलतो की मनाला काही देण्याची वेळच येत नाही. जे घडते ते खेचले जाणे असते. डोळे गुंतलेले असतात आणि अवधान मात्र घरी कुलूपबंद राहिलेले असते, म्हणून तासाभरानंतर काय पाहिले ते आठवत नाही आणि थकवा तर आलेला असतो.

अवधानाची कला म्हणून जोपासना झालेली परंपरा आपल्या शेजारीच आहे. तेलुगू पंडितांमध्ये अष्टावधान होते. सभेत आठ पृच्छक बसतात. कोणी समस्या देतो, कोणी ठरावीक शब्द घालून श्लोक मागतो, कोणी एकेक अक्षर निषिद्ध करत जातो, आणि अवधानी हे सगळे धागे मनात धरून फेरीफेरीने कविता पुरी करतो. या आठांमध्ये एकाचे काम फार विलक्षण असते. त्याला अप्रस्तुतप्रसंग म्हणतात. त्याने मधूनच भलतेच काहीतरी विचारायचे, थट्टा करायची, विषय सोडून बोलायचे, आणि अवधान्याने त्यालाही हसतमुखाने उत्तर देऊन आपल्या धाग्यावर परतायचे. परंपरेने विक्षेपाला सभेबाहेर हाकलले नाही, त्याला आसन देऊन आठांत बसवले, कारण ज्या अवधानाला कधी विक्षेप भेटलाच नाही त्याची परीक्षाही झालेली नसते. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन मनाच्या चंचलतेची तक्रार वाऱ्याची उपमा देऊन करतो, आणि भगवंत ती तक्रार खोटी म्हणत नाहीत. मन जिथे जिथे निसटेल तिथून तिथून त्याला परत आणावे, असे त्यांनी त्याआधीच सांगितलेले असते. परतणे हाच तेथे अवधानाचा धर्म आहे. आमच्या छात्राध्यापिकेने मोबाइल वर्गाबाहेर ठेवण्याचा नियम केला, तो योग्यच; परंतु तिने मुलांना एक प्रश्नही विचारला, की अभ्यास करताना मोबाइल वाजला तर तुम्ही परत कसे येता, आणि त्या प्रश्नावर अर्धा तास झालेली चर्चा मला त्या नियमापेक्षा अधिक फलदायी वाटते. एक मुलगी म्हणाली, मी वाचत होते त्या ओळीवर बोट ठेवून मग उठते. केवढी साधी आणि केवढी पक्की साधना!

या परंपरेशी जोडलेले एक चरित्र इथे आठवल्यावाचून राहत नाही. सौराष्ट्रातल्या ववाणिया गावी १८६७ साली जन्मलेले रायचंदभाई, ज्यांना आज जग श्रीमद् राजचंद्र म्हणून ओळखते, त्यांनी १८८७ साली मुंबईत शतावधानाचा प्रयोग करून दाखवला. वय विशीच्या आत. वर्तमानपत्रांनी वाखाणले, युरोपात जाऊन प्रयोग करावेत अशी सूचना आली, आणि कीर्तीची ती सारी वाट समोर मोकळी असताना त्यांनी तिकडे पाठ फिरवली व हळूहळू असे प्रयोग करणेच सोडून दिले, कारण आत्मसाधनेच्या मार्गात ते आडवे येते हे त्यांना दिसले. पुढे १८९१ साली विलायतेहून परतलेल्या मोहनदास गांधींची त्यांची गाठ पडली. गांधीजींनी त्यांची स्मरणशक्ती परकीय भाषांतले शब्द सांगून पारखली, आणि थक्क झाले. पण आत्मकथेत ते स्पष्ट लिहितात की आपण मोहून गेलो ते त्या शक्तीने नव्हे, तर त्यांच्या शास्त्रज्ञानाने, निर्मळ चारित्र्याने आणि आत्मदर्शनाच्या तळमळीने. हिरेमोत्यांच्या लाखोंच्या व्यवहाराचे बोलणे संपले की त्यांच्या हातात धर्माची वही उघडलेली असे. शंभर गोष्टींवर एकाच वेळी लक्ष ठेवू शकणाऱ्या माणसाने एका गोष्टीकडे लक्ष वळवले, यात अवधानाचा एक खोल पदर उलगडतो. अवधान जेव्हा दाखवण्याची वस्तू होते, तेव्हा ते दिले जात असल्याचे भासते, पण त्याचा ओघ स्वतःकडेच वळलेला असतो.

हा पदर आजच्या शिक्षकाला जवळचा आहे. वर्गातल्या उपक्रमाची छायाचित्रे काढावीत, ती स्टेटसला ठेवावीत, अधिकाऱ्यांच्या आणि पालकांच्या गटावर टाकावीत, ही आता शाळांची दिनचर्या झाली आहे. कितीतरी ठिकाणी ती मागितलीही जातात. त्यातून चांगले पुष्कळ घडते, दूरच्या वाडीवरच्या शिक्षकाची कल्पना दुसऱ्या टोकाच्या जिल्ह्यात पोहोचते, हे मी पाहिले आहे. तरीही वहीतले एक वाक्य मी खूण करून ठेवले आहे, त्याचा आशय असा की छायाचित्र घेण्यासाठी मागे सरकताना आपण मुलांपासून दोन पावले लांब गेलो, आणि ती दोन पावले पुन्हा भरून काढायला तास पुरला नाही. पसंतीचा आकडा मोजणारे मन आणि मुलाच्या चेहऱ्यावर अर्थ उमटतो आहे का हे पाहणारे मन एकाच क्षणी एकाच जागी असू शकत नाही. इथे निवड करावी लागते, आणि ती दररोज करावी लागते.

आता प्रकल्पाकडे वळू. शिक्षणशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला विल्यम किलपॅट्रिक यांचे नाव ठाऊक असते. १९१८ साली त्यांनी प्रकल्प पद्धतीवर जो निबंध लिहिला, त्यात प्रकल्पाच्या व्याख्येतच मनःपूर्वकतेला स्थान दिले होते. हेतू मुलाचा असावा, आणि त्यात त्याचे सगळे मन ओतलेले असावे. म्हणजे अवधान ही प्रकल्पाची पूर्वअट नव्हती, तोच प्रकल्पाचा प्राण होता. आज दुकानात छापील मुखपृष्ठासह तयार मजकूर मिळतो, महाजालावरून तो उतरवून घेता येतो, आणि वही सुंदर होते. त्या वहीत सगळे असते, फक्त मूल नसते. याविषयी अधिक लिहीत नाही. प्रत्येक घराला हे ठाऊक आहे.

आमच्या छात्राध्यापिकेने मराठीच्या तासाला जात्यावरच्या ओव्यांचा प्रकल्प घेतला. त्यामागे एक थोर काम उभे आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून बायकांच्या तोंडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि आज त्यांतल्या कितीतरी ‘पारी’ या महाजालावरच्या संग्रहात कोणालाही ऐकता येतात. मुलांनी आधी त्या ऐकल्या, मोबाइलवरच, आणि मग आपापल्या घरी, आळीत, आजीकडे, शेजारच्या म्हातारीकडे ओव्या विचारायला निघाली. पहिल्या आठवड्यात हाती फारसे काही आले नाही. मुले मोबाइल समोर धरत आणि म्हणत, आज्जी, ओवी म्हण. आज्जी म्हणे, आता कुठं आठवतंय बाळा. गावात पिठाची गिरणी येऊन कैक वर्षे झालेली, जाती कोपऱ्यात पडलेली. मग एका मुलीच्या आजीनेच उपाय सांगितला. तिने नातीला समोर बसवले, खुंट्याला दोघींनी हात घातला, मूठभर ज्वारीची वैरण घातली, आणि जाते फिरू लागताच पहिली ओवी आली, तिच्यामागून दुसरी, आणि मग थांबवावे लागले. ज्यांनी हे काम केले आहे त्यांना हे चांगले ठाऊक आहे, की ओवी हाताच्या गतीत साठवलेली असते. ती नुसती विचारून मिळत नाही, जाते ओढू लागावे लागते.

वाचकहो, इथे अवधानाविषयी मला जे सांगायचे आहे ते जवळजवळ सगळे आहे. नातीने आधी स्वतःचा हात दिला, खांद्याला कळ लागेपर्यंत दिला, त्या फेऱ्यांशी आपला श्वास जुळवला, आणि तेव्हा आजीचे आतले दार उघडले. ज्या मोबाइलने एरवी तिचे लक्ष विखुरले होते, तोच बाजूच्या पाटावर उताणा ठेवलेला ध्वनिमुद्रण करत होता, आणि त्याच्याकडे कोणी पाहतही नव्हते. साधन तेच. फरक एवढाच की या वेळी ते अवधानाच्या मागे चालत होते. दुसऱ्या दिवशी वर्गात त्या ओव्या लिहून घेताना मुलांना कळेनासे शब्द आले, आणि त्या शब्दांसाठी मुले परत आजीकडे गेली, यावर छात्राध्यापिकेने वहीत अर्धे पान लिहिले आहे आणि ते अर्धे पान आनंदाने ओथंबलेले आहे. मुले आपण होऊन परत जातात, तिथे अवधान सुरू झालेले असते.

मूल असे अवधान देऊ शकते यावर ज्यांचा निस्सीम विश्वास होता अशांची एक परंपरा आहे. मारिया माँटेसरींनी रोममधल्या सान लोरेन्झो वस्तीत १९०७ साली बालघर उघडले, तिथल्या एका तीनेक वर्षांच्या मुलीची हकीकत त्यांनी लिहून ठेवली आहे. लाकडी ठोकळ्याच्या खाचांत लहानमोठे दट्टे बसवायचे आणि काढायचे, यात ती इतकी रमली की इतर मुलांना भोवती गाणे म्हणायला लावले, तिची खुर्ची उचलून टेबलावर ठेवली, तरी तिचा हात थांबला नाही. चाळीसहून अधिक वेळा तिने ते केले आणि मग जणू ताजीतवानी होऊन उठली. तिला कोणी चेतक बदलून दिला नव्हता. तिच्याकडे अवधानाचे धन आधीच होते, मोठ्यांनी फक्त ते लुटले नाही. त्याच विचाराची कास धरून ताराबाई मोडकांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाच्या उभारणीत भाग घेतला, आणि १९४५ पासून बोर्डीला व नंतर कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांच्या साथीने आदिवासी मुलांसाठी काम केले. मुले शाळेत येत नाहीत, कारण ती गुरे राखायला जातात, असे दिसल्यावर त्यांनी मुलांना दूषणे दिली नाहीत. शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा हे तिचे नाव. जिथे गुरे चरतात तिथे शिक्षिका जाऊन बसली आणि पाने, बिया, दगड यांवर मुलांचे शिक्षण सुरू झाले. मुलाचे अवधान हवे असेल तर शिक्षकाच्या अवधानाने आधी प्रवास करून मुलापर्यंत जावे, हा धडा मला याहून स्पष्ट कुठे मिळाला नाही.

आणि आता प्रवासच. वहीत हे पान सर्वांत आधीचे आहे, आंतरवासिता सुरू होण्यापूर्वीच्या आषाढी वारीतले, पण मी ते राखून ठेवले होते. माउलींच्या पालखीबरोबर ती काही टप्पे चालली. दिवेघाट चढून सासवड, पुढे जेजुरी. पहिल्या दिवशी तिने पुष्कळ चित्रफिती काढल्या आणि दुसऱ्या दिवशी मोबाइलची शक्ती संपली, हे ती सहजपणे लिहून जाते व मग पालखीतळावरच्या समाजआरतीचे वर्णन करते, जे वाचताना मी वही खाली ठेवली नाही. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात घालून दिलेल्या शिस्तीने हा सोहळा आजही चालतो. दिवसभराची चाल संपते, पालखी तळावर येते, दिंड्या भोवती गोल उभ्या राहतात, हजारो टाळ-मृदंगांचा कल्लोळ टिपेला पोहोचलेला असतो. चोपदार आपला दंड उंच करतो. आणि तो अफाट समुदाय एकदम शांत होतो. कोणी ध्वनिक्षेपकावरून ओरडत नाही, कोणी दटावत नाही. मग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात, उद्याच्या प्रस्थानाची वेळ सांगितली जाते, आणि आरती होते.

शिक्षकाला हेवा वाटावा असे ते मौन आहे. पण त्या मौनाचे रहस्य दंडात नाही, पुढच्या नियमात आहे. दंड वर गेला असतानाही एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, तिच्यावर अन्याय झाला असेल, तर ती दिंडी टाळ वाजवत राहते. त्या शांततेत तो एकटा टाळ सगळ्यांना ऐकू येतो. आणि चोपदार त्या दिंडीकडे जातो, तक्रार ऐकून घेतो, तिचे निवारण होते, आणि मग टाळ थांबतो. जो समाज एका दिंडीच्या टाळाकडे आपले अवधान देतो, त्या समाजाला सर्व दिंड्या आपले अवधान देतात. मौन मागितले जाते ते ऐकण्याची हमी आधी देऊन. नेवाशाच्या मंडपात जे मागणे झाले होते, तेच मला इथे माळरानावर, लाखोंच्या साक्षीने, दरवर्षी फळताना दिसते. भक्तिमार्गाने हा अर्थ ग्रंथात ठेवला तसाच पायी चालणाऱ्यांच्या रीतीतही ठेवला.

छात्राध्यापिकेला त्या टाळाची आठवण दिवाळीनंतर वर्गात झाली. ओव्यांच्या प्रकल्पाचे दिवस, आणि मागच्या बाकावर एक मुलगा बोटांनी सतत ठेका धरून वाजवत बसलेला. साखर कारखान्याच्या तळावर आलेल्या ऊसतोड कुटुंबातला तो मुलगा, हंगामापुरता या शाळेत दाखल झालेला. मी पाठ पाहायला बसलो होतो. अशा वेळी काय करायचे हे आमच्या टाचणात आणि पाठनिरीक्षणाच्या तक्त्यात ठरलेले असते, त्याला वर्गनियंत्रण म्हणतात, आणि त्याचे गुणही असतात. तिने खडू ठेवला, वर्गाला काही लिहायला दिले, आणि ती त्याच्या बाकाशी जाऊन बसली. काय झालं रे, असे तिने विचारले तेव्हा तो बराच वेळ बोलला नाही, आणि मग म्हणाला, “मॅडम, माझी आजी गावाकडं राह्यलीय. मी कुणाला विचारू?” प्रकल्पाला आठवडा उलटून गेला होता आणि त्या मुलापुरता तो सुरूच झाला नव्हता.

त्या पाठाचा उत्तरार्ध राहून गेला. मूल्यमापनाचे प्रश्न फळ्यावर आलेच नाहीत आणि स्वाध्याय देण्यापूर्वी घंटा झाली. निरीक्षक म्हणून मी त्या पाठाला पूर्ण पाठाचे गुण दिले आणि त्याचे कारण शेऱ्याच्या रकान्यात सविस्तर लिहिले, कारण नियंत्रण आणि अवधान यांतला भेद ज्या क्षणी स्पष्ट दिसतो त्या क्षणाची नोंद अध्यापक महाविद्यालयाच्या दप्तरी राहावी असे मला वाटते.

शाळा सुटल्यावर मुख्याध्यापकांच्या परवानगीने बीड जिल्ह्यातल्या त्या गावी फोन लावला गेला. आजीने आधी नातवाला जेवलास का ते विचारले, मग आईच्या हाताची जखम बरी झाली का ते विचारले, आणि ओवी उद्या सकाळी सांगीन म्हणाली, कारण घरात जाते होते आणि ते फिरवल्याशिवाय काही येणार नव्हते. दुसऱ्या दिवशी शेजारणीच्या मोबाइलवरून ओव्या आल्या, मागे जात्याची घरघर. वर्गाने त्या दोनदा ऐकल्या. त्यांत कोयत्याचा, गाडीचा, टोळीच्या मुकादमाचा उल्लेख होता, आणि इथल्या मुलांना न कळणारे कितीतरी शब्द होते, ज्यांचा अर्थ त्या वर्गात त्या मुलाला एकट्यालाच ठाऊक होता. मुले बाक सोडून त्याच्याभोवती जमली आणि विचारत राहिली. प्रकल्पाच्या वहीत आता एक नवा विभाग सुरू झाला आहे, त्याच्या नोंदी तो स्वतः लिहितो, आणि प्रकल्प सादर करण्याची तारीख तिने माझ्याकडून पुढे ढकलून घेतली आहे.